तेविसावा नग

कानवालीचे कान दिसायला अगदी साधे होते. उजव्या कानामागे पेन्सिल असायची, एवढंच काय ते वेगळेपण. तिचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच सुखाने राहत होतं.

कंपनी उंच इमारतींवर पाणी चढवणारे पंप बनवायची. कुठे पंप रुसला की तिथला मिस्त्री तक्रारीच्या नंबरावर फोन करायचा आणि आपलं गाऱ्हाणं सुरू करायचा. कानवाली त्याला दुसऱ्याच वाक्याला थांबवायची.

"दादा, फोन पंपाला लावा."

"आँ?"

"पंपाला लावा फोन. तुमचं मी नंतर ऐकते, आधी त्याला बोलू दे."

मग मिस्त्री बिचारा फोन मोटरच्या मागे धरायचा, मग पुढे, मग पाइपाच्या वळणावर. कानवाली डोळे मिटून ऐकायची. बारीक किरकिर आली तर बेअरिंग कोरडं पडलंय. आत कुणी खडे ढवळतंय असा आवाज आला तर पंपाला पाणी पुरत नाही, टाकीतली जाळी तुंबलीय. नुसतं घुंऽऽ करून जागच्या जागी थरथरत असेल तर मोटर अडकलीय, आधी बटण बंद करा, नाहीतर जळेल. दहातल्या सात वेळा माणूस पाठवायची गरजच पडायची नाही. मिस्त्री खूश व्हायचा आणि जाता जाता तो एक प्रश्न विचारायचाच.

"मॅडम, तुम्ही बोलताय कुठून?"

"तुमच्याच फोनमधून, दादा," असं म्हणून कानवाली फोन ठेवून द्यायची. कारण ती बोलत असायची तिथपासून कंपनीचं ऑफिस आगगाडीने दोन दिवसांवर होतं, आणि ते ठिकाण सारखं बदलत असतं ही गोष्ट ऑफिसातल्या एका माणसाला कळून चालणार नव्हतं.

याचं मूळ होतं हवालदार. हवालदार म्हणजे तिचा नवरा, पोलिसातला नव्हे, सैन्यातला. लग्न ठरलं तेव्हा कानवाली कंपनीच्या टेस्टिंग शेडमध्ये नवीनच लागली होती. यंत्रशाखेचा डिप्लोमा, अंगात निळा डगला, हातात फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू मोटरवर टेकवायचं आणि मूठ कानापाशी हाडाला लावायची, की आतलं सगळं जसंच्या तसं ऐकू येतं. ही विद्या तिने तिथेच उचलली. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच हवालदाराची लांब बदली झाली, आणि कानवाली राजीनामा घेऊन मालकीणबाईंच्या समोर उभी राहिली.

मालकीणबाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. साठी ओलांडलेल्या, स्वतः इंजिनिअर, हाताला कायम ग्रीसचा वास. त्यांनी राजीनामा वाचला आणि उलटा केला.

"मागची बाजू कोरी आहे की गं. वाया कशाला घालवायची?"

त्याच कागदाच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने चित्र काढलं. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला कान, मध्ये एक लांबच लांब रेघ.

"जमेल?"

"फोनवर बारीक आवाज गाळले जातात, बाई."

"मग जे उरतील त्यांवरून ओळखायला शीक. तीन महिने देते. नाही जमलं तर कागद परत सुलटा करायला कितीसा वेळ लागतो?"

जमलं. कागद बाईंच्या ड्रॉवरमध्ये तसाच राहिला. कानवालीने कधी जरा जास्तच आगाऊपणा केला तर बाई फोनवर म्हणायच्या, "तुझा राजीनामा आहे हं माझ्याकडे. मंजुरीची सही तेवढी बाकी आहे."

कळून चालणार नव्हतं ते पट्टीवाल्या साहेबांना. साहेब कंपनीचे व्यवस्थापक. त्यांच्या टेबलावर स्टीलची पट्टी असायची. पत्राचा समास ते तिने मोजत, दोन कपाटांमधलं अंतर मोजत, आणि रजेच्या अर्जावरची सही रेघेच्या खाली घसरली असेल तर तीही मोजत. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे नियम होता आणि प्रत्येक नियमाला नंबर. मनाने वाईट नव्हते, फक्त ते मन फायलीत लावून ठेवलेलं होतं. कानवालीच्या वेळी ते एवढंच म्हणाले होते, "घरून काम, ठीक आहे. पण घर एका जागी पाहिजे. आज इथे तर उद्या तिथे, अशा माणसावर भिस्त ठेवता येत नाही."

घर एका जागी राहिलं ते दोनच वर्षं. मग पुन्हा बदली.

"साहेबांना सांगू?" कानवालीने बाईंना विचारलं.

"त्यांनी विचारलं तर सांग. खोटं बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "पण विचारलंच नाही तर आपण होऊन त्यांचं ब्लडप्रेशर कशाला वाढवा?"

साहेबांना विचारावंसंच वाटू नये म्हणून हिरव्या पडद्याची सोय झाली. पहिल्या घरी व्हिडिओवर बोलताना तिच्या पाठीमागे एक हिरवा पडदा असायचा आणि त्याच्या वर, काठ उडालेलं एक गोल घड्याळ. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ट्रंका उघडण्याआधी तोच पडदा लागला, तेच घड्याळ टांगलं गेलं. तिसऱ्यातही तेच, चौथ्यातही तेच. पडद्यामागे मात्र दर वेळी नवं जग. दुसऱ्या घरी भांडी घासायची मोरी होती. तिसऱ्या घरी न्हाणीघराचं दार होतं, आणि एकदा साहेबांची बैठक इतकी लांबली की हवालदार पाऊण तास साबण लावून आत अडकला. "सीमेवरसुद्धा इतका अडकलो नव्हतो," असं तो नंतर टॉवेल झटकत म्हणाला.

त्याच तिसऱ्या घरी खिडकीबाहेर हातभर बर्फ असायचा. कानवाली आत दोन स्वेटर घालायची आणि वरून पातळ सुती कुर्ता. साहेब व्हिडिओवर रुमालाने मान पुसत म्हणायचे, "काय हो हा उकाडा!"

"विचारू नका, साहेब!" कानवाली म्हणायची. आणि साहेब खरंच विचारायचे नाहीत.

सात वर्षांत साहेब तिच्यावर इतके प्रसन्न झाले की नव्या लोकांना तिचा दाखला देऊ लागले. "त्या मॅडमकडे बघा. स्थिरता कशी असावी! सात वर्षांत मागचं घड्याळसुद्धा जागचं हललेलं नाही." त्या बैठकीत बाईंना जो ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना.

असं सगळं सुरळीत चाललं असताना कंपनीचे सेवाप्रमुख निवृत्त झाले.

ती जागा कानवालीला हवी होती, आणि नुसत्या मानासाठी नको होती. चार क्वार्टरांत राहून तिने एक गोष्ट पाहिली होती. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक घरी, कुठल्या ना कुठल्या ट्रंकेच्या तळाशी बायकोची प्रमाणपत्रं घडी घालून ठेवलेली असत. कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी वीजतंत्री. दर बदलीला नोकरी सोडायची आणि नव्या गावी पहिल्या पायरीपासून चढायचं. दोन-तीनदा असं झालं की बाई चढायचा नाद सोडून द्यायची. शेजारच्या वीजतंत्री बाईला कानवालीने सहज गंमत म्हणून भिंतीवरून फोन देऊन पंपाचे आवाज ऐकवले होते. महिन्याभरात ती बेअरिंगची किरकिर स्वयंपाक करता करता ओळखायला लागली. कानवालीच्या डोक्यात तेव्हापासून कानांची एक पलटणच तयार होत होती. पण माणसं निवडायचा अधिकार सेवाप्रमुखाला. नुसत्या कानवालीला ऐकण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

दुसरा उमेदवार टेस्टिंग शेडमधला एक सज्जन गृहस्थ होता. त्याची सर्वांत मोठी लायकी म्हणजे त्याची खुर्ची साहेबांच्या केबिनला लागून होती.

मुलाखत सोमवारी ठरली आणि त्याच आठवड्यात हवालदाराच्या बदलीचा हुकूम आला. कानवालीने हिशेब घातला: सोमवारी मुलाखत, बुधवारी सामानाचा पहिला ट्रक, गुरुवारी दुसरा. फारच छान. तिने नेहमीसारखी सामानाची यादी केली. त्यांच्या घरी एकूण बावीस नग होते, प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, आणि काय कशात जाणार ते यादीत. हवालदाराच्या लेखी यादी म्हणजे वरिष्ठांचा हुकूम. तिने लिहिलं: 'पडदा हिरवा एक, घड्याळ गोल एक, पेटी नऊ, पहिला ट्रक.'

सोमवारी सकाळी साहेबांनी मुलाखत गुरुवारवर ढकलली. उमेदवारांच्या फायलींना सारख्या रंगाच्या नाड्या मिळाल्या नव्हत्या.

कानवालीने तारीख मनात बदलली. यादीतला ट्रक बदलायचा राहिला.

बुधवारी दुपारी ती शेजारणीकडे निरोप घ्यायला जाऊन परत आली तर भिंत उघडी.

"अहो, पडदा कुठाय?"

"पेटी नऊ," हवालदार ताठ उभा राहून म्हणाला.

"आणि पेटी नऊ?"

हवालदाराने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "आत्ता पूल ओलांडला असेल."

"अहो, उद्या मुलाखत आहे माझी!"

"यादीत होतं," हवालदार म्हणाला. "अक्षर तुझंच आहे."

"एखादी चादर तरी?"

"पेटी अकरा. गेली."

"माझी शाल?"

"पेटी चार. तीही गेली. सगळं यादीबरहुकूम," असं तो अभिमानाने म्हणाला आणि बायकोचा चेहरा पाहून उरलेला अभिमान त्याने गिळून टाकला.

"बाबा, तुम्ही यादी वाचता, आईला कधी वाचणार?" त्यांची सात वर्षांची मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली. तिला दोघांनीही एकदमच "गप बस" म्हटलं.

गुरुवारी दुपारी कानवाली पेटी चौदावर बसली, लॅपटॉप पेटी सोळावर ठेवला आणि पाठीमागे कोरी भिंत येईल असा बेत केला. भिंत मात्र कोरी नव्हती. पडद्याच्या जागी उजळ चौकोन आणि घड्याळाच्या जागी उजळ गोल, दोन्ही लख्ख दिसत होते. दुसरा ट्रक चार वाजता येणार होता. मुलाखत अडीचची. हवालदार अंगणात पहाऱ्याला उभा.

लॅपटॉपवर बाई आणि साहेब दिसू लागले. साहेबांच्या डोक्यावरचा पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. पहिले प्रश्न झकास गेले. साहेबांनी मान डोलावली, पट्टीने कागदावर रेघ मारली आणि मग चष्मा वर करून निरखून बघितलं.

"मॅडम, तुमचा पडदा दिसत नाही तो. धुवायला टाकलाय का?"

'हो' म्हटलं की संपलं. एका अक्षराचं काम. साहेबांनी उत्तर स्वतःच तयार करून हातात दिलं होतं. कानवालीने बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे पाहत होत्या, जणू तिथे काहीतरी लिहिलेलं आहे. पण अखेर साहेबांनी विचारलं होतं, आणि विचारलं तर काय करायचं ते पाच वर्षांपूर्वीच ठरलं होतं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "पडदा पुढे गेलाय."

"पुढे म्हणजे?"

"पुढच्या गावी. आमची बदली झालीय. आता तिथलं पाचवं घर."

"पाचवं?"

त्याच क्षणी अंगणात गाडीचा ब्रेक कचकन वाजला. ट्रक तासभर आधीच आला होता. हवालदार "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत दोन जवान आत.

"वहिनी, ही चौदा नंबर का? जरा उठता?"

"कोण आहेत हे?" साहेब ओरडले.

आता झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कानवालीने लॅपटॉप उचलला आणि ट्रंकांवरून फिरवला. एकेका झाकणावर पांढऱ्या रंगात पाच-पाच पत्ते, चार खोडलेले, बाजूला तारखा.

साहेबांनी पट्टी टेबलावर ठेवली. पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

"म्हणजे तो उकाडा..." अखेर ते म्हणाले.

"बर्फ होता, साहेब."

"मला तर तुम्ही..."

"मी 'विचारू नका' म्हटलं होतं."

"आणि मी विचारलं नाही," साहेब स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी पट्टी उचलली. "तारखा सांगा. झाकणावरच्या. एकेक करून."

तिने तारखा वाचल्या. साहेब उठले आणि तक्रारींच्या नोंदवह्यांचा गठ्ठा घेऊन आले. बदलीच्या दिवशी तिने कुठून कुठून फोन घेतले होते ते तिलाच माहीत. फलाटावरून, ट्रकच्या पुढच्या सीटवरून, एकदा तर पोरीच्या नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकेसमोर बसून. साहेब एकेका ओळीखाली पट्टी सरकवत होते. जवान पेटी सोळाच्या कडेला उकिडवे बसून बघू लागले. मुलाखत कुणाची आहे हे त्यांना कळलं नव्हतं, पण कुणीतरी अडचणीत आहे एवढं कळलं होतं.

"पहिली बदली. त्या आठवड्यात अकरा तक्रारी. मिटलेल्या अकरा," साहेब वाचत गेले. "दुसरी बदली, चौदा. मिटलेल्या चौदा. तिसरी, नऊ. आठ..." त्यांनी मान वर केली.

"तो पंप आपल्या कंपनीचा नव्हता, साहेब."

साहेबांनी शेरा वाचला. तसंच लिहिलेलं होतं. मग त्यांनी कागदावर काहीतरी आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली.

"एरवी एका तक्रारीला सरासरी बावीस मिनिटं. बदलीच्या आठवड्यात सोळा."

"घाई असते, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "मग यांची बदली दर महिन्याला व्हायला हवी."

हा विनोद होता की सूचना, हे कुणालाच कळेना. साहेबांनी याआधी कधी विनोद केल्याची कंपनीत नोंद नव्हती, म्हणून हसायची छाती कुणाला झाली नाही.

"पण नियम एकेचाळीस आहे," साहेब पुढे म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खरोखरच उतरला होता. "'विभागप्रमुखाने कंपनीने नेमून दिलेल्या खुर्चीत बसूनच कामकाज पाहावे.' खुर्ची इथे. तुम्ही तिथे. माझा नाइलाज आहे."

कानवालीच्या डोळ्यांसमोरून शेजारीण गेली, तिची प्रमाणपत्रं गेली, अख्खी पलटण एकामागून एक गेली. मग तिने कानामागची पेन्सिल काढली आणि पेटीवर टकटक केली. बंद पडलेल्या पंपाची प्रत्येक बाजू ऐकायची असते. ही बाजू राहिली होती.

"साहेब, खुर्ची कुठे ठेवायची ते नियमात लिहिलंय का?"

"म्हणजे काय, अर्थातच," साहेबांनी फाइल ओढली. ओळ वाचली. पान उलटलं. पुरवणी पाहिली. परत पहिल्या पानावर आले. त्यांनी ओळीखाली पट्टीसुद्धा धरून पाहिली.

"नाही," ते म्हणाले.

"नियम लिहिला कुणी?" बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"मी."

"मग चूक असणं शक्यच नाही."

साहेबांनी फाइलची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. स्वतःचा नियम स्वतःच मोडायचा हे त्यांच्याच्याने झालं नसतं, आणि पाळायचा तर आता एकच वाट उरली होती.

"खुर्चीचं पॅकिंग मजबूत करावं लागेल," ते म्हणाले. "पत्ता सांगा. नवीन."

अंगणातून हवालदाराने तो सांगितला, पिनकोडसकट, परेडच्या आवाजात.

"आणि साहेब," कानवाली म्हणाली, "तुमच्या डोक्यावरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. दोन वर्षं ऐकतेय मी."

"दोन वर्षं? मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"अगं ए," बाई म्हणाल्या, "तुझा राजीनामा काढू का?" पण त्या ड्रॉवरकडे न बघता तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या.

"वहिनी," जवान म्हणाला, "झालं असेल तर उठता? चौदा नंबर राहिलाय."

खुर्ची नव्या क्वार्टरवर बारा दिवसांनी आली. लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळलेली, सोबत तीन प्रतींत पोचपावती. उंच पाठीची, हातांची, गरगर फिरणारी, मागे कंपनीच्या नंबराची पितळी पट्टी. हवालदाराने तिच्याभोवती दोन फेऱ्या घातल्या.

"हिची घडी होते?"

"नाही."

"एकात एक काही बसतं हिच्यात?"

"अहो, खुर्ची आहे ती."

त्याने एक सुस्कारा सोडला आणि रंगाचा डबा काढून खुर्चीच्या बुडाला खालून पांढऱ्या अक्षरात २३ लिहिलं. मग उचलून आत न्यायला गेला तेव्हा कळलं की खुर्ची दारातून जात नाही. आडवी जाईना, तिरकी जाईना. हात काढायचे तर पाना पेटी सहामध्ये, आणि पेटी सहा सर्वांत खाली. मुलगी तेवढ्यात खुर्चीत बसून चार गिरक्या घेऊन मोकळी झाली. कुंपणापलीकडून तीन शेजारणी बघत होत्या. त्यांतल्या एकीने कालच लाजत लाजत आपली प्रमाणपत्रं दाखवली होती, आणि उरलेल्या दोघी ती आणू का म्हणून विचारत होत्या.

"आणा," कानवाली म्हणाली. "आणि कानही घेऊन या."

फोन वाजला. तिने पोरीला उठवलं आणि अंगणातच, भर उन्हात, सेवाप्रमुखाच्या खुर्चीत बसली. हिरवा पडदा मागे स्वयंपाकघराच्या खिडकीला लागला होता, आता साधा पडदा म्हणून.

"दादा, फोन पंपाला लावा," ती म्हणाली, आणि कुंपणाकडे बोट करून तिने फोनचा आवाज मोठा केला. तिन्ही शेजारणी पुढे वाकल्या.

"खडे ढवळल्यासारखं," त्यांतली एक हळूच म्हणाली.

"जाळी साफ करा, दादा," कानवालीने सांगितलं.

पाच मिनिटांनी मिस्त्रीचा खुशीत आलेला आवाज आला. "चाललं की हो! मॅडम, तुम्ही बोलताय कुठून?"

कानवालीने एक पूर्ण गिरकी घेतली.

"खुर्चीतून, दादा," ती म्हणाली.